आमच्या भाकरीच्या चुलीचं धुराडं

सोलापुरात ‘चिमणी’ म्हटलं की बोलणं अजूनही साखर कारखान्याच्या चिमणीवर जातं. २०२३ च्या जूनमध्ये विमानांना अडथळा होते म्हणून सिद्धेश्वर कारखान्याची ती उंच चिमणी पाडली, आणि तो व्हिडिओ आमच्या गल्लीत महिनाभर फिरत होता. त्यामुळे ‘आमची चिमणी साफ करायचीय, कुणी माणूस आहे का?’ असं मी विचारलं की लोक आधी हसतात. मग कुणीतरी स्वयंपाकघरातल्या विजेच्या चिमणीवाल्याचा नंबर देतं. एकदा असा एक मुलगा खरंच आला. पाठीला बॅग, हातात फवाऱ्याची बाटली. ‘मॉडेल कुठलंय काकू?’ म्हणाला. मी त्याला मागच्या शेडमध्ये नेलं. विटामातीची लांब चूल, दोन तवे, आणि कोपऱ्यातून पत्र्याबाहेर गेलेला काळाकुट्ट पाईप. बिचारा बघतच राहिला. चहा पिला आणि गेला. पैसे मागितले नाहीत, एवढं बरं.

तेव्हापासून हे काम घरचं घरातच होतं. कसं होतं ते लिहिते, कारण मागच्या आठवड्यात सोलापूरजवळच्या बाळे गावातल्या एका ताईंनी फोन करून विचारलं, आणि फोनवर सगळं सांगताना माझी कणीक वाळली.

आमचा धंदा कडक भाकरीचा. सासूबाईंनी सुरू केला, आता मी आणि हाताखाली तीन बायका. ज्वारी मंगळवेढ्याकडची मालदांडी. माझं माहेर तिकडचं, म्हणून त्यात तडजोड नाही. लोकांना वाटतं कडक भाकरी म्हणजे पातळ थापायची आणि जरा जास्त भाजायची. तसं नसतं. भाजायला दोन-तीन मिनिटं लागतात. खरा वेळ वाळवण्यात जातो. तव्यावरून उतरवलेल्या भाकऱ्या मंद धगीवर तासन्‌तास ठेवायच्या, पाण्याचा अंश पुरता जाईपर्यंत. जरा घाई केली की आठवड्यात बुरशी येते आणि पुण्याच्या गिऱ्हाईकाचा फोटो येतो. इतका वेळ गॅस जाळणं परवडत नाही, म्हणून चूल. आणि धुरात बसवत नाही, म्हणून धुराडं.

ही मंद धगच आमच्या मुळावर आली होती, पण ते कळायला भोगीची एक सकाळ जावी लागली.

आमच्याकडे जानेवारीत श्वास घ्यायला वेळ नसतो. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, त्यात भोगी. भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि खेंगट घरोघरी होतं, तरी बाहेरून मागवणारे वाढतच चाललेत. त्या वर्षी डिसेंबरात अवकाळी पाऊस झाला होता. वखारीतून आलेली वेडी बाभूळ इतकी ओली, की पेटवली तर कापलेल्या टोकांतून पाणी फेसाळत बाहेर यायचं. वखारवाला म्हणाला, ‘बारीक करून टाका, पेटतंय.’ पेटत होतं खरं. म्हणजे धुमसत होतं. रात्री आम्ही चुलीच्या तोंडाला पत्रा लावायचो, म्हणजे हवा कमी आणि धग पुरून उरते. महिनाभर हे चाललं.

भोगीच्या पहाटे चार वाजता चूल पेटवली. लवकर रसरशीत व्हावी म्हणून तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, भला मोठा भारा घातला. तुराटी म्हणजे काय ज्वाळा, सांगायला नको. दहा मिनिटांत धुराड्यातून आवाज यायला लागला. आधी मला वाटलं गल्लीत ट्रक उभा आहे. घुर्र, घुर्र, मग एकसारखा घोंघावणारा आवाज. हाताखालची मावशी बाहेरून ओरडली, ‘वैनी, वरनं जाळ येलालाय ओ!’ पाईपच्या टोकातून हातभर ज्वाळा, आणि ठिणग्या शेजारच्या गच्चीवर. तेव्हा आमचा पाईप जुन्या करड्या सिमेंटचा होता. तो तापून फाट, फाट असा तडकायला लागला. एक खपली उडून परातीत पडली.

यजमान बादली घेऊन धावले. त्यांना अडवलं ते शेजारच्या मामांनी. मामांचं आयुष्य गिरणीच्या बॉयलरवर गेलं, गिरण्या बंद पडल्यावर कुठे कुठे टॉवेलच्या कारखान्यात फायरमन म्हणून राहिले. लुंगीवरच आले. म्हणाले, ‘पाणी पाईपात टाकू नका. फुटंल, वाफ अंगावर येईल. खालची हवा बंद करा.’ पेटती लाकडं चिमट्याने ओढून अंगणात काढली, चुलीची दोन्ही तोंडं पत्रा आणि वर ओलं पोतं लावून बंद केली. सासूबाईंना आणि बायकांना बाहेर काढलं. मुलाने १०१ ला फोन लावला. पाणी मारलं ते पाईपावर नाही, पाईपाभोवतीच्या लाकडी वाशांवर आणि शेजारच्या गच्चीवर. हवा तुटल्यावर आवाज हळूहळू खाली बसला. बंब आला तेव्हा धूरच होता, पण त्यांनी वर चढून वासे चाचपून बघितले. एक वासा आतून कोळसा झाला होता. दीड वीत अंतरावरून पाईप गेलेला, त्याला कधी ज्वाळा लागली नव्हती. रोजच्या तापानेच तो वर्षानुवर्षं भाजत आला होता.

त्या दिवशी शंभरएक भाकऱ्यांच्या ऑर्डरी मोडल्या. काहींनी ऐकून घेतलं, काहींनी नाही.

दुसऱ्या दिवशी मामांनी पाईपचा एक तुकडा हातात घेऊन दाखवला. आतल्या अंगाला बोटभर जाड, काळा, काचेसारखा चकचकीत थर. ‘सूनबाई, ही काजळी न्हाई. ह्ये जळणच हाय. चुलीत जळायचं ऱ्हायलं, ते वर जाऊन चिकटलं.’

नंतर मी त्याबद्दल वाचलं, मुलाने वाचून दाखवलं, आणि मामांचं वाक्य जसंच्या तसं खरं निघालं. लाकूड चांगलं पेटलं तर त्यातले वायूही जळून जातात. ओलं असलं किंवा हवा कोंडली तर ते न जळता धुराबरोबर वर जातात. वर पाईप गार असतो. साधारण १२० अंशांच्या खाली धूर गेला की त्यातली वाफ आणि डांबर पाईपला धरतं, जसं भाताच्या झाकणाला पाणी धरतं. आधी ती नुसती मऊ काजळी असते, फडक्याने पुसता येते. मग खपल्या होतात. त्यावर पुन्हा ताप बसला की वितळून असा चकचकीत थर होतो, आणि तो ब्रशने निघत नाही. एखाद्या दिवशी मोठा जाळ केला की हा सगळा साठा पेटतो, आणि पाईपच्या आत हजार अंशांच्या वर ताप जातो. आमचा महिना ओल्या लाकडाचा, रात्र कोंडलेल्या हवेची आणि पहाट तुराट्यांची. मुद्दाम ठरवून केलं असतं तरी इतकं नीट जमलं नसतं.

माहेरची आठवण आली. ऐंशीच्या दशकात सरकारी योजनेतून गावात निर्धूर चुली आल्या होत्या. वर्ष-दीड वर्षात निम्म्या घरांत पाईप काढून परसात पडले होते. ‘धूर उलटा येतोय’ ही एकच तक्रार. आतून साफ करायचं असतं हे आमच्या गावात तरी कुणी बायकांना सांगितलं नव्हतं. पाईप दिला, ब्रश नाही दिला.

तो तडकलेला पाईप आम्ही खरवडायच्या भानगडीत पडलो नाही. ते जुने करडे सिमेंटचे पाईप म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस. तारेच्या ब्रशने घासणं, करवतीने कापणं, फोडणं यातून जी बारीक कुसं उडतात ती छातीत जाऊन बसतात. ज्यांच्याकडे अजून असा पाईप आहे त्यांना मी हात जोडून सांगते, घासू नका, ओला करून अख्खा उतरवा आणि बदला. आता आमच्याकडे खालचे ५ फूट जाड काळ्या लोखंडाचा पाईप आहे आणि वर गॅल्व्हनाइज्ड, एकूण १४ फूट. खाली गॅल्व्हनाइज्ड का नाही, हे वेल्डिंगवाल्याला पटवायला अर्धा दिवस गेला. त्यावरचं जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, आणि जास्त तापलं की त्याचा धूर निघतो. चुलीच्या तोंडाशी ते नकोच. वासे पाईपापासून दीड फूट लांब सरकवले, आणि पत्र्यातून पाईप जातो तिथे लाकूड अजिबात ठेवलं नाही.

आणि सगळ्यात कामाची गोष्ट, मामांच्या आग्रहाने पाईपच्या तळाला ‘टी’ म्हणजे इंग्रजी T च्या आकाराचा जोड बसवला, खाली झाकण असलेला. त्यामुळे साफ करायला पत्र्यावर चढावं लागत नाही. पत्र्यावर चढून पाय आत गेलेली दोन माणसं आमच्याच गल्लीत आहेत.

साफसफाई अमावास्येला. त्या दिवशी तसंही बायका सुट्टी मागतात, आणि महिना झाला हे वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही. मार्गशीर्ष-पौषात पौर्णिमेलाही. आदल्या दिवशी दुपारीच चूल विझवायची, म्हणजे पूर्ण २४ तास. वरून राख गार दिसते आणि आत निखारा जिवंत असतो. मी एकदा अशीच ‘गार’ राख प्लास्टिकच्या बादलीत भरली, संध्याकाळी बादलीला बूडच नव्हतं. आता राखेला झाकणाचा पत्र्याचा डबा, तो फरशीवर, भिंतीपासून लांब. दोन-तीन दिवसांनी मग ती भांड्यांना.

खाली जुनी सोलापुरी चादर अंथरायची. आमच्याकडे जुन्या चादरींना काय तोटा. चुलीची तोंडं ओल्या पोत्याने बुजवायची, नाहीतर सगळी काजळी तव्यावर. डोळ्यांना चष्मा, डोक्याला फडकं, तोंडाला करोनातले उरलेले एन-९५. यजमान मास्क लावायला तयार नव्हते, ‘लहानपणापासून धुरातच आहे मी’ वगैरे. मग मुलाने त्यांना वाचून दाखवलं, की १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट नावाच्या सर्जनने धुराडी साफ करणाऱ्या पोरांना मोठेपणी होणारा एक कॅन्सर काजळीमुळे होतो असं लिहून ठेवलंय. कुठल्या जागी होतो तेही वाचलं. तेव्हापासून हे मास्क लावतात, आणि काम झालं की आम्ही न सांगता साबणाने आंघोळ करतात.

ब्रश ६ इंची, गोल, तारेचा. बॉयलरच्या नळ्यांना वापरतात तसाच, पण मोठा, बनवून घेतला. त्याला एकाला एक पेचाने जोडायच्या लवचिक काड्या. खालच्या झाकणातून ब्रश घालायचा, एक काडी आत गेली की दुसरी जोडायची, वर-खाली घासत शेवटपर्यंत न्यायचा. फिरवायचा तो फक्त पेच आवळतो त्याच बाजूला. पहिल्या वेळी मी ताकाची रवी घुसळावी तसा दोन्हीकडे फिरवला, वर गेल्यावर पेच सुटला आणि ब्रश पाईपातच राहिला. शेवटी वरची टोपी काढून दोरीला दगड बांधून तो खाली पाडावा लागला. मामा दिवसभर हसत होते.

टोपी महत्त्वाची. तिला अर्ध्या इंचाची जाळी आहे, ठिणग्यांसाठी आणि पाखरांसाठी. सगळ्यात आधी हीच जाळी तुंबते, कारण धूर तिथे पोचेपर्यंत गार झालेला असतो. धूर घरात यायला लागला की लोक पाईपला दोष देतात, आणि बऱ्याचदा दोन रुपयांच्या नाण्याएवढीच वाट वर उरलेली असते. जाळी नव्हती तेव्हा एका मे महिन्यात आम्ही पंधरा दिवस लग्नाला आणि देवाला गेलो होतो, तेवढ्यात साळुंकीने आत घरटं केलं. आल्यावर चूल पेटवली आणि सगळा धूर देवघरात. पिल्लं नव्हती, अंडी होती. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत.

थर किती झाला हे बघायला मी झाकण काढून मोबाईलचा टॉर्च लावून व्हिडिओ घेते, आणि किल्लीने एक ओरखडा काढते. रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवल्यावर होते तेवढी, म्हणजे साधारण ३ मिलिमीटर जाडी झाली, की अमावास्येची वाट बघायची नाही. आणि ओरखडा काढल्यावर भुकटी न पडता चकचकीत रेघ उमटली, तर ब्रश ठेवून द्यायचा आणि पाईपचा तो तुकडाच बदलायचा.

सासूबाईंचं म्हणणं होतं की चुलीत मूठभर मीठ टाकलं की काजळी सुटते. माहिती नाही हे त्यांच्या डोक्यात कुठून आलं, की दृष्ट काढलेलं मीठ-मिरच्या चुलीतच जातात म्हणून. मामांनी साफ ‘नको’ सांगितलं. मिठाने लोखंड खातं, आणि काजळी निघो न निघो, ब्रश चुकत नाही. दृष्टीचं मीठ चालू आहे, त्यात कुणी बोलायचं नाही.

पण एवढं सगळं केलं तरी निम्मं काम वखारीतच असतं. आता मी जळण फेब्रुवारी-मार्चमध्ये घेते, आपला उन्हाळा फुकट आहे तो वापरते, आणि पावसाआधी शेडमध्ये विटांवर रचते. बाजूने मोकळं, फक्त वरून ताडपत्री. लोक चहूबाजूंनी गुंडाळून ठेवतात, मग आत बुरशी. वाळलंय का ते कसं कळतं? एकावर एक आपटायचं. ओलं ‘थब’ असं वाजतं, वाळलेलं ‘टण्‌’. टोकांना चिरा पडतात, साल सुटते. आणि मी एक खूळ करते. दरवर्षी एका ओंडक्यावर खडूने फुली मारते आणि भाकरीच्या वजनकाट्यावर दर रविवारी त्याचं वजन लिहिते. गेल्या वर्षीचा मार्चमध्ये २ किलो ४०० ग्रॅम होता, मेअखेर १ किलो ६५० वर येऊन थांबला. वजन उतरायचं थांबलं की घ्यायला हरकत नाही. वखारवाल्याला ही वही दाखवली. तेव्हापासून ओलं लाकूड तो मला तरी देत नाही.

आजवरचं सगळ्यात चांगलं जळण कुठलं म्हणाल, तर शेजारच्या अक्कांचा मोडलेला हातमाग. मुलं मागावर बसणार नाहीत, जागा अडते, म्हणून त्यांनी तो मोडला आणि ‘घेऊन जा ओ’ म्हणाल्या. पन्नासएक वर्षं सावलीत वाळलेलं लाकूड. धूर म्हणून नाही. त्या भाकऱ्यांचा पहिला डबा मी अक्कांना नेऊन दिला. त्यांनी घेतला, पण चूल बघायला मात्र त्या आल्या नाहीत.

फर्निचरवाल्यांकडचं प्लाय, रंगवलेल्या चौकटी, लॅमिनेट फुकट मिळतं म्हणून घेऊ नका. त्यातल्या डिंकाचा आणि रंगाचा धूर भाकरीला लागतो, आणि पाईपलाही. कडुनिंब मी भाकरीखाली घालत नाही, कडवट वास येतो.

रात्रीची धग आता पत्रा लावून कोंडत नाही. संध्याकाळी अर्धा तास चांगला जाळ करते, पाईप तापू देते, मग निखाऱ्यांवर भाकऱ्या वाळतात. लाकूड जरा जास्त लागतं, पण काजळी निम्म्याहून कमी झाली. सकाळी पाईप गार असतो म्हणून पहिला धूर खाली येतो. तेव्हा टीच्या झाकणातून कागदाचा एक बोळा पेटवून आत ठेवते, पाईप तापला की ओढ धरतो. झाकण लावायचं, मग चूल.

आणखी एक गोष्ट, जी मला उशिरा कळली. थंडीत सासूबाई चुलीपाशी, दार लावून झोपायच्या. सकाळी डोकं जड, मळमळ. आम्ही पित्त समजायचो. धुमसत्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग, धुराडं तुंबलेलं असलं की तो खोलीतच राहतो आणि माणूस झोपेतच जातो. आता शेडमध्ये रात्री कुणी झोपत नाही, वरची झरोक्याची जाळी कायम उघडी, आणि मुलाने ऑनलाइन त्याचा अलार्म मागवून भिंतीला लावलाय. सासूबाईंना त्या खोलीतून हलवणं हे धुराड्यापेक्षा अवघड काम होतं. गोधडी तिथेच ठेवायची या अटीवर त्या तयार झाल्या.

सध्या एकच अडचण आहे. मागच्या घराने एक मजला चढवला, तेव्हापासून वारं पश्चिमेकडून असलं की धूर त्या भिंतीला आपटून आमच्याच अंगणात उतरतो. आणि त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरही, त्यामुळे बोलणं बंद आहे. १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्या वर निदान २ फूट पाईपचं तोंड हवं, असा ठोकताळा आहे. म्हणजे आम्हाला आणखी ६ फूट पाईप आणि त्याला तीन बाजूंनी तारेचे ताण लागणार. वेल्डिंगवाला माप घेऊन गेलाय. अमावास्या शनिवारी आहे, त्याआधी आला तर टोपी एकदाच काढावी लागेल.